हिरड्यांतून रक्त येते म्हणून ब्रश थांबवू नका

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे वय ३८ आहे. त्या सकाळी एकदाच, मध्यम कडकपणाच्या ब्रशने दात घासतात. गेल्या काही महिन्यांपासून खालच्या पुढच्या दातांजवळ घासताना रक्त येते, म्हणून त्या भागात ब्रश फिरवणे त्यांनी सोडले असून तिथे बोटाने मीठ आणि लवंगेची पूड लावतात. घरात मिश्री लावणाऱ्या सासूबाई आहेत आणि त्यांच्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही. पतींना मधुमेह आहे, मुलगा सात वर्षांचा आहे. शेजारणीने सांगितले आहे की दवाखान्यात दात साफ करून घेतले की ते हलू लागतात. अशा घरात रोजच्या सवयी कोणत्या असाव्यात, असे त्यांनी विचारले आहे. हिरड्यांच्या आजारांवर उपचार करणे हेच माझे काम असल्याने उत्तराचा मोठा भाग हिरड्यांविषयी आहे, आणि प्रौढांचे दात जाण्यात हिरड्यांच्या आजाराचा वाटा इतका मोठा आहे की तसे करणे योग्यही वाटते.

रक्त का येते, तिथून सुरुवात करू. दात कितीही स्वच्छ घासले तरी काही तासांत त्यांच्यावर जंतूंचा एक पातळ, चिकट थर पुन्हा बसू लागतो. त्याला प्लाक म्हणतात. हा थर हिरडीच्या काठाला लागून एक-दोन दिवस तसाच राहिला की शरीर त्याला प्रतिकार करू लागते, त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, हिरडी लाल आणि सुजलेली होते आणि ब्रशच्या साध्या स्पर्शानेही तिच्यातून रक्त येते. म्हणजे रक्त ब्रशमुळे येत नाही, ब्रश तिथे पोहोचत नसल्यामुळे येते. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण बंद ठेवले होते. दहा ते एकवीस दिवसांच्या आत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. ताईंनी दुखऱ्या जागी ब्रश फिरवणे थांबवले, तेव्हा नकळत हाच प्रयोग त्या भागापुरता सुरू झाला.

खालच्या पुढच्या दातांचीच तक्रार इतक्या जणांना का असते, यालाही कारण आहे. जिभेखाली आणि वरच्या दाढांसमोर गालाच्या आत लाळेच्या नलिका उघडतात आणि लाळेत कॅल्शियम व फॉस्फेट असते. प्लाक जागच्या जागी राहिला तर या क्षारांमुळे तो काही दिवसांतच टणक होऊ लागतो. त्यालाच आपण कीटण किंवा टार्टर म्हणतो. त्यामुळे खालच्या पटाशीच्या दातांची आतली, म्हणजे जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू या दोन जागी कीटण सर्वांत लवकर साठते. ते एकदा घट्ट झाले की कोणत्याही ब्रशने, पेस्टने किंवा मंजनाने निघत नाही, आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक सहज बसतो.

आता घासण्याची पद्धत. ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्यावा. 'मीडियम' आणि 'हार्ड' ब्रश बाजारात का मिळतात याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर, सुमारे ४५ अंशांत तिरके टेकवावेत, म्हणजे थोडे केस दातावर आणि थोडे हिरडीच्या काठावर येतात. मग दोन-तीन दातांपुरतीच जागा घेऊन, ब्रश फारसा न सरकवता, जागच्या जागी हलकी थरथरती हालचाल दहा-पंधरा वेळा करावी आणि शेवटी ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवावा. त्यानंतर पुढचे दोन-तीन दात घ्यावेत. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा मावत नाही. तिथे तो उभा धरून त्याच्या टोकाकडच्या केसांनी घासावे. अशा रीतीने बाहेरची बाजू, आतली बाजू आणि दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग मिळून दोन मिनिटे तरी लागतात.

ब्रश मुठीत आवळून धरला की जोर आपोआप वाढतो, म्हणून तो पेनासारखा बोटांच्या चिमटीत धरावा. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या दातांवर सर्वांत जास्त जोर पडतो. तिथली हिरडी मागे सरकलेली आणि दाताच्या मुळाशी खाच पडलेली आम्हाला नेहमी दिसते, आणि थंड पाणी लागले की सणक जाते ती बहुधा याच जागी. नवा ब्रश महिन्याभरातच पिंजारला तर ती जोर जास्त होत असल्याची खूण आहे. एरवी तीन महिन्यांनी ब्रश बदलावा. आणखी एक गोष्ट मी रुग्णांना आवर्जून सांगतो: सुरुवात नेहमी अवघड जागेपासून करावी. जवळजवळ प्रत्येक जण समोरच्या, आरशात दिसणाऱ्या दातांपासून सुरुवात करतो आणि खालच्या आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत त्याचे लक्ष आणि वेळ दोन्ही संपलेले असतात. ताईंनी आजपासून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनेच सुरुवात करावी. पहिले काही दिवस रक्त येईल, थोडे दुखेलही, तरीही मऊ ब्रशने घासत राहावे. तिथे कीटण नसेल तर आठ-दहा दिवसांत रक्त बरेच कमी झालेले दिसेल.

एवढे करूनही दोन दातांमधली फट राहतेच, कारण कोणत्याही ब्रशचे केस तिथे नीट शिरत नाहीत. हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा या फटींतच सुरू होतो. दात एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉसचा दोरा वापरावा. तो करवतीसारखा वरखाली न ओढता एका दाताभोवती अर्धवर्तुळाकार वळवून हिरडीच्या किंचित खालपर्यंत नेऊन वर आणावा, मग शेजारच्या दातालाही तसेच करावे. हिरड्या खाली गेल्यामुळे फटी रुंद झाल्या असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशाच्या आकाराचे इवलेसे ब्रश औषधांच्या दुकानात मिळतात. अशा फटींसाठी ते दोऱ्यापेक्षा अधिक चांगले काम करतात आणि वापरायलाही सोपे असतात. कोणत्या फटीत कोणत्या मापाचा ब्रश बसेल हे पहिल्यांदा दंतवैद्याकडून पाहून घ्यावे. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, एवढे पुरते. सेफ्टी पिन, आगकाडी, उदबत्तीची काडी, केसांतला आकडा अशा ज्या वस्तू आपल्याकडे जेवणानंतर दातांत घातल्या जातात, त्यांनी अडकलेला कण निघतो खरा, पण प्लाक निघत नाही आणि हिरडीला जखम होते. एकाच फटीत रोज अन्न अडकत असेल तर तिथे कीड लागली आहे किंवा भरलेले सिमेंट निघाले आहे, असे समजून ती जागा तपासून घ्यावी.

सकाळी तोंड धुतल्याशिवाय चहा न घेण्याची आपली रीत चांगली आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. मात्र दिवसातून एकदाच दात घासायचे म्हटले तर मी रात्रीची वेळ निवडीन. झोपेत लाळ फार कमी सुटते. लाळ ही तोंडाची स्वतःची संरक्षणव्यवस्था आहे. ती आम्ल सौम्य करते आणि दातांतून निघालेले क्षार परत मिळवून देते. रात्रीचे जेवण, वर बडीशेप आणि खडीसाखर, कधी झोपताना साखर घातलेले दूध, हे सारे दातांवर घेऊन सहा-सात तास झोपणे म्हणजे जंतूंना अडथळ्याविना काम करू देणे होय. रात्री सर्वांत शेवटी दात घासावेत आणि नंतर साध्या पाण्याशिवाय काहीही तोंडात घालू नये.

पेस्ट फ्लोराइड असलेली घ्यावी. वेष्टनावर तसे लिहिलेले असते. आपल्याकडच्या अशा पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम फ्लोराइड असते. त्याने दाताचे कवच, म्हणजे इनॅमल, आम्लाला सहज दाद देत नाही आणि कीड अगदी प्राथमिक अवस्थेत असेल तर ती थांबू शकते. पण आपण घासून झाल्यावर तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरतो आणि ते फ्लोराइड वाहून जाते. फेस थुंकून टाकावा, फार तर अगदी थोड्या पाण्याची एक चूळ भरावी. ही सूचना माझ्या रुग्णांना सर्वांत अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील ज्या गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे दात तयार होण्याच्या वयातील मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. तो प्रश्न प्रामुख्याने पिण्याच्या पाण्याचा आहे. तिथल्या लहान मुलांनी पेस्ट गिळू नये याकडे अधिक लक्ष द्यावे आणि पेस्टबाबत स्थानिक दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

मीठ आणि लवंग यांविषयी. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य वेदना बधिर करते, म्हणूनच दाढ दुखताना लवंग धरली की आराम वाटतो. मात्र त्याने प्लाक निघत नाही आणि कीटणही निघत नाही. दुखणे तेवढे झाकले जाते. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या तर सुजलेल्या हिरडीला तात्पुरते बरे वाटते, त्याला हरकत नाही, पण जाडे मीठ बोटाने चोळू नये. राखुंडी, कोळशाची पूड, विटेची पूड यांनी दात घासणे मात्र बंदच करावे. त्यांनी इनॅमल झिजते आणि गेलेले इनॅमल पुन्हा येत नाही. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून, मऊ कुंचला करून वापरली तर समोरचे दात बऱ्यापैकी स्वच्छ होतात. दाढांच्या आतल्या बाजूला ती पोहोचत नाही. तेलाच्या गुळण्या ज्यांना आवडतात त्यांनी कराव्यात, ब्रशऐवजी नको. क्लोरहेक्सिडिनच्या औषधी माउथवॉशने जंतू कमी होतात हे खरे, पण तो सलग वापरल्यास दात तपकिरी पडतात आणि चव बिघडते. तो दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपुरताच, बहुधा दोन आठवडे, आणि पेस्टने घासल्यानंतर अर्ध्या तासाच्या अंतराने वापरावा.

सासूबाईंच्या हिरड्यांतून रक्त येत नाही ही गोष्ट आश्वासक वाटत असली तरी तिचा अर्थ उलटा असू शकतो. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू. तंबाखूतील निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे आतून दातांना आधार देणारे हाड झिजत असले तरी वरून हिरडी फिकट, घट्ट आणि कोरडी दिसते आणि रक्त येत नाही. धोक्याची पहिली सूचनाच नाहीशी होते. आजार कळतो तो दात हलू लागल्यावर. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर भारतात १९९२ साली बंदी आली, पण तव्यावर भाजलेली घरची मिश्री कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही. कोकणात, देशावर आणि गोव्यातही अनेक घरांत बायका तिला व्यसन मानत नाहीत, दात घासणे मानतात. दिवसातून चार-पाच वेळा 'दात घासावेसे' वाटणे हे व्यसनच आहे. त्यांच्यावर रागावून उपयोग होत नाही. वेळा एकेक करून कमी करणे, हाताशी ब्रश आणि पेस्ट ठेवणे आणि गरज पडल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेच्या निःशुल्क क्रमांकावर बोलणे, असा मार्ग धरावा. मिश्री सुटल्यावर काही दिवसांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागण्याचा संभव असतो, आणि नेमके तेव्हा 'मिश्री होती तेव्हा बरे होते' असे म्हणून पुन्हा सुरुवात होते. दडलेली सूज उघड झाली एवढाच त्याचा अर्थ असतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

त्यांचे तोंड एकदा दंतवैद्याकडून पूर्ण तपासून घ्यावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्यांनी तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का तेही अधूनमधून पाहावे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाऊन तोंड उघडेनासे होते आणि पुढे तिथे कर्करोग होण्याची शक्यता वाढते.

पतींच्या बाबतीत संबंध दुहेरी आहे. साखर नियंत्रणात नसेल तर हिरड्यांचा आजार लवकर आणि जोरात वाढतो, आणि हिरड्यांत सतत सूज असेल तर रक्तातली साखर आटोक्यात आणणे कठीण जाते. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर काही महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, सरासरी सुमारे ०.४ अंकांनी खाली येतो असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. आकडा लहान वाटेल, पण मधुमेहात त्याला किंमत आहे. त्यांनी रक्त येवो न येवो, दर सहा महिन्यांनी हिरड्या तपासून घ्याव्यात आणि दंतवैद्याकडे जाताना चालू औषधांची यादी बरोबर न्यावी. रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता आपल्या डॉक्टरांना सांगावे.

किडीचा विचार करताना साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात आली हे जास्त महत्त्वाचे असते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच प्लाकमधले जंतू आम्ल तयार करतात; आम्लता मोजण्याचा आकडा, म्हणजे पीएच (तो जितका कमी तितके आम्ल जास्त), ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून क्षार निघू लागतात आणि लाळेला तो पूर्ववत करायला अर्धा ते एक तास लागतो. सणाच्या जेवणात ताटातली पुरणपोळी खाल्ली तर हे एकदा होते. कामाच्या ठिकाणी साखरेचा चहा घोट-घोट करून दिवसभर पीत राहिले तर दातांना सावरायला उसंतच मिळत नाही. चिक्की, गुळपोळी, उपवासाचे खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू दाढांच्या खाचांत चिकटून बसतात, तेव्हा ते जेवणाबरोबर खावेत आणि नंतर पाण्याने तोंड नीट खळखळावे. चहा पाच वेळा हवाच असेल तर त्यातले तीन बिनसाखरेचे करावेत. लिंबूपाणी, चिंच, कैरी, आवळा अशा आंबट पदार्थांनंतर दात आंबलेले असताना लगेच ब्रश करू नये. पाण्याची चूळ भरून अर्धा तास थांबावे.

मुलाच्या तोंडात दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, सहाव्या-सातव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते. ती दुधाची आहे, पडेलच, अशा समजुतीने तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते आणि दहा वर्षांच्या मुलाला रूट कॅनालसाठी आणावे लागते. आज रात्रीच बॅटरीच्या उजेडात ती पाहा. तिच्यावर खोल खाचा असतील तर दंतवैद्य त्या एका पातळ लेपाने बंद करून देतात. त्याला सुई लागत नाही आणि दुखतही नाही. आठ वर्षांचा होईपर्यंत रात्रीचे दात आईने किंवा वडिलांनी घासून द्यावेत, वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी द्यावी.

राहिला शेजारणीचा मुद्दा. स्केलिंगने, म्हणजे दवाखान्यात कीटण काढून घेतल्याने, दात हलू लागतात हा समज निराधार आहे, पण तो का पसरतो हे समजते. वर्षानुवर्षे साठलेले कीटण सुटलेल्या दातांना बाहेरून धरून ठेवते आणि मधल्या फटी भरून टाकते. ते काढल्यावर फटी मोकळ्या होतात, सूज उतरून हिरडी आकसते आणि दात लांब व सैल वाटतात. हाड आधीच झिजलेले असते. कीटण काढल्याने ते फक्त दिसू लागते. त्यानंतर आठवडाभर थंड-गरम लागते, ते हळूहळू कमी होते. दात साफ करून घेण्याचे ठरावीक वेळापत्रक सर्वांना सारखे नसते. हिरड्या निरोगी असलेल्याला वर्षातून एकदा पुरते. आजार होऊन गेलेल्याला तीन-चार महिन्यांनी यावे लागते. तपासणीत दंतवैद्याने बारीक मापपट्टीने हिरडी आणि दात यांमधली खोली मोजली आहे का, हे अवश्य विचारावे. ती ३ मिलिमीटरपर्यंत असणे ठीक. त्याहून जास्त असेल तर फक्त वरवरची सफाई पुरणार नाही, हिरडीखालूनही साफ करावे लागेल. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी दरात होतात, फक्त वेळ हाताशी ठेवून जावे.

ताईंनी वर सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे घासून पाहावे. तरीही रक्त थांबले नाही, हिरडीतून पू आला, दातांत नव्या फटी पडल्या किंवा एखादा दात हलू लागला, तर दंतवैद्याकडे जावे. गरोदरपणात हिरड्या अधिक सुजतात. त्या काळातही सफाई करता येते आणि मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद न करता आधी कल्पना द्यावी. आणि न घासताही हिरड्यांतून रक्त येत असेल, सोबत ताप, अशक्तपणा किंवा अंगावर आपोआप पडलेले काळे-निळे डाग असतील, तर दंतवैद्याची वाट न पाहता त्याच दिवशी फिजिशियनला दाखवून रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण अशा वेळी मूळ दुखणे हिरड्यांत नसून रक्तात असू शकते.